ज्येष्ठांस आयरिश भुते सांगण्याची शास्त्रोक्त पद्धत

ज्येष्ठ नागरिकांचं मनोरंजन करण्याची उबळ ज्यांना आवरत नाही, अशा स्वयंसेवकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. स्थळ कोलकाता, मग ते हाजरा रोडवरचं महाराष्ट्र निवास असो की सॉल्ट लेकमधला एखादा वृद्धाश्रम. विषय, आयर्लंडचे सण आणि त्यांच्या दंतकथा. हाच विषय का, असं कुणी विचारलंच तर ‘मार्च आला ना’ एवढंच सांगावं. संयोजकांनाही याहून जास्त ठाऊक नसतं.

पूर्वतयारीत हिरव्या कागदी टोप्या करू नयेत. ज्याची उभी हयात ऑडिटमध्ये साहेबांच्या चुका काढण्यात गेली, त्याच्या डोक्यावर तीन पानांचं चित्र चिकटवलेली टोपी ठेवून ‘काका, स्माइल!’ म्हणणं धोक्याचं आहे. प्रत्येक वाक्य दोनदा आणि ओरडूनही सांगू नये. ज्याला कमी ऐकू येतं त्याला कमी कळतं, हा समज फक्त स्वयंसेवकांत आढळतो. कार्यक्रम दुपारी तर मुळीच ठेवू नये. भात जेवून बंगाली माणूस झोपतो, आणि कोलकात्यात मुरलेला मराठी माणूस त्याच्याहून गाढ झोपतो. पाचनंतर, लिकर म्हणजे बिनदुधाचा चहा फिरला की सुरुवात करावी.

सेंट पॅट्रिकचा दिवस १७ मार्च. हा मूळचा आयरिश नव्हे, रोमन अमलाखालच्या ब्रिटनमधला. सोळाव्या वर्षी चाच्यांनी पळवला, सहा वर्षं आयर्लंडात मेंढरं राखली, निसटून घरी गेला आणि पुढे धर्मोपदेशक होऊन पुन्हा तिथेच आला. इथवर सभा तुमच्या बाजूने असते. दोन वर्षांत बदली करून घेऊ म्हणत इथेच राहिलेले निम्मे लोक समोर बसलेले असतात. घोळ पुढे होतो. पॅट्रिकने बेटावरचे सगळे साप समुद्रात हाकलले, असं म्हटलंत की बंगाली माशीमांचा, म्हणजे मावशींचा, चेहरा बदलतो. सापांची देवी मनसा, तिच्या मुलखात सापांशी वैर धरून कुणाचं भलं झालेलं नाही. मनसेला न जुमानणाऱ्या चांद सदागराचे काय हाल झाले ते माशीमा सविस्तर सांगतील. त्या थांबल्या की सांगलीकडच्या आजी बत्तीस शिराळ्याची नागपंचमी काढतील. एवढं होऊनही ‘मग ते साप गेले कुठे?’ असा प्रश्न आला, तर खरं सांगून मोकळं व्हावं: हिमयुग सरलं, समुद्र चढला, बेट तुटलं आणि साप तिथवर पोचलेच नाहीत. ‘म्हणजे नसलेला माल राइट ऑफ केला,’ असं म्हणून ऑडिटवाले काका पहिल्यांदा हसतील. हा क्षण वाया घालवू नये, लगेच पुढची गोष्ट घ्यावी.

ती सेंट ब्रिजिडची घ्या. दिवस १ फेब्रुवारी. २०२३ पासून तिच्या नावाने आयर्लंडात सार्वजनिक सुटी असते. सुटीचा उल्लेख आवर्जून करावा, निवृत्तांना सुट्यांचा हिशोब अजून प्रिय असतो. ब्रिजिडने मठासाठी राजाकडे जमीन मागितली, फक्त माझी शाल पसरेल तेवढी. राजा हसून हो म्हणाला. शाल पसरत पसरत अख्खं माळरान झाकून गेली. गोष्ट इथे पोचण्याआधीच दोन-तीन रांगांतून ‘वामन!’ असा पुकारा होईल. आमचं आधीचं की तुमचं, या वादात पडू नये. हरण्याची खात्री असलेला वाद आयरिश लोकांच्या वतीने लढण्याचं तुम्हाला कारण नाही.

आता भुतं. हॅलोविन हा सण अमेरिकेचा, असं नातवंडांनी आजी-आजोबांना सांगून ठेवलेलं असतं. ते आधी खोडावं. मूळ आयर्लंडातलं साविन. उन्हाळा संपून हिवाळा लागायच्या रात्री, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, मेलेल्यांची आणि जिवंतांची सरहद्द पातळ होते आणि मेलेली माणसं घरी डोकावून जातात. यावर कुणीही दचकत नाही. बंगालात भूतचतुर्दशीला चौदा पिढ्यांचे पूर्वज येतात, त्यांच्यासाठी चौदा दिवे लावतात आणि चौदा पालेभाज्या खातात. बाजारात त्या चिरून, एकत्र करून ढिगाने मिळतात. त्याच तिथीला आपण पहाटे उठून कारीट फोडतो. २०२४ साली तर पाठोपाठची कालीपूजा नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती.

आयरिश पोरं भोपळा नव्हे, शलगम कोरायची. तसल्याच शलगमात निखारा घेऊन भटकणारा दंतकथेतला कंजूष जॅक स्वर्गात घेतला गेला नाही, नरकातही नाही. हे सांगताना एकेका श्रोत्याची नजर शेजारच्या खुर्चीकडे जाते. तिथे थांबू नये. रानात एका ठरावीक ढेकळावर पाय पडला की वाट सापडत नाही, मग कोट उलटा करून घालायचा, असा तिकडचा तोडगा. कोकणातल्या आजोबांना चकवा लागलेला असतोच. त्यांच्याकडचा तोडगा वेगळा असेल, तो ऐकून घ्यावा. साविन झालं की जंगली ब्लॅकबेरी तोडायची नाही, कारण त्या रात्री पूका नावाचं भूत तिच्यावर थुंकून जातं. हे सांगितलंत की माशीमा विजयी मुद्रेने म्हणतील, सरस्वतीपूजेआधी आम्हीही बोरं खात नाही. तिकडे सणानंतर बंदी, इकडे सणाआधी. फळापुढे तोंड आवरण्यात दोन्ही मुलुख सारखे पक्के.

खाद्यपदार्थाचं प्रात्यक्षिक करायचं झाल्यास एक इशारा. बार्मब्रॅक या बेदाण्यांच्या पावात अंगठी, नाणं आणि फडक्याचा तुकडा घालून भाजतात. अंगठी मिळाली तर लग्न, नाणं मिळालं तर पैसा, फडकं मिळालं तर दारिद्र्य. कवळीला यातलं काहीही मिळालं तरी दंतवैद्यच. न्यू मार्केटातला साधा फ्रूट केक आणावा आणि अंगठीचं नुसतं वर्णन करावं.

सर्वांत मोठा धोका शेवटी सांगतो. या शहरात आयरिश माणूस तुम्ही नव्याने आणत नाही. लॉरेटोच्या आयरिश जोगिणी १८४१ साली इथे येऊन पोचल्या. समोरच्या एखाद्या आजींनी शाळेत सिस्टरच्या हातची पट्टी खाल्लेली असेल आणि त्या तुमचा उच्चार भर सभेत सुधारतील. टायरोन परगण्यातल्या डंगॅननची मार्गारेट नोबल १८९८ साली इथे आली, त्याच वर्षी बागबाजारात मुलींची शाळा काढून बसली. हीच भगिनी निवेदिता. ती ‘परदेशी’ होती, असं बागबाजारच्या माणसासमोर म्हणून पाहा.

आणि भुतांचा विषय निघालाच आहे, तर हेही ध्यानात ठेवा. बंगाली बाळाला झोपवताना ज्याची भीती घालतात तो बागुलबुवा म्हणजे बर्गी, म्हणजे आपणच. नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांच्या धास्तीने १७४२ साली या शहराने मराठा खंदक खणला, आणि सर्क्युलर रोड पुढे त्याच खंदकाच्या वाटेने झाला. तुम्ही आयरिश भुताचं वर्णन करत असता, तेव्हा समोरचे लोक मराठी भूत प्रत्यक्ष पाहत असतात.

म्हणून खुद्द आयर्लंडने काय केलं ते करा. १९३७-३८ साली तिथल्या लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळेच्या सुमारे पन्नास हजार मुलांना वह्या दिल्या आणि घरच्या, शेजारच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी लिहून आणायला सांगितलं. तो संग्रह आजही डब्लिनमध्ये आहे. बंगालात दक्षिणारंजन मित्र मजुमदारांनी बायाबापड्यांकडून ऐकलेल्या गोष्टींची ‘ठाकुरमार झुलि’ १९०७ साली छापली. बोलणारे म्हातारे आणि लिहिणारे तरुण, ही वाटणी दोन्हीकडे सारखी.

तेव्हा प्रोजेक्टर घरी ठेवा. दोनशे पानी वही आणि दोन पेनं आणा. पहिलं पेन ऑडिटवाले काका ‘जरा बघू’ म्हणून घेतील आणि परत देणार नाहीत.