मेलेला नायक, सुट्टीच्या दिवशी

१९७३च्या फेब्रुवारीत ‘ब्लॅक सीझर’ हा चित्रपट आला. हार्लेमच्या या कृष्णवर्णीय गँगस्टरने गल्ला भरला आणि निर्मात्यांना साक्षात्कार झाला, की गोष्ट अजून संपलेली नाही. संपली होती हो! दिग्दर्शक लॅरी कोहेनने चित्रित केलेल्या शेवटात हा गँगस्टर, टॉमी गिब्ज, पोरासोरांच्या टोळक्याच्या हातून मार खाऊन मरतो. पण गल्ल्यापुढे मरण म्हणजे किरकोळ दुखणं. त्याच डिसेंबरात ‘हेल अप इन हार्लेम’ हा सिक्वेल हजर, टॉमीही ठणठणीत.

अडचण एवढीच, की टॉमी साकारणारा फ्रेड विल्यमसन आठवडाभर दुसऱ्या चित्रपटात अडकलेला आणि कोहेन ‘इट्स अलाइव्ह’मध्ये. मग सिक्वेल उरकायचा शनिवार-रविवारी. न्यूयॉर्कच्या काही दृश्यांत नायकाच्या जागी डमीच उभा केला. तिथे टॉमी प्रेक्षकांना पाठ दाखवतो, यात आश्चर्य ते काय! कथेत टॉमीचा पापभीरू बाप बघता बघता टोळीचा म्होरक्या होतो. शत्रू विमानाने लॉस एंजेलिसला पळतो, टॉमी पुढचं विमान पकडतो, आणि हाणामारी कुठे? विमानतळावर, सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर. बॅगा मात्र कुणाच्या, हे विचारायला सवड नव्हती.

गायक जेम्स ब्राउनने या सिक्वेलसाठी केलेलं संगीत नाकारलं गेलं. त्यातून ‘द पेबॅक’ हा अल्बम निघाला, आणि तो तुफान चालला.