शीळफाट्यामार्गे निदान

ठाण्याहून डोंबिवलीला जायचं तर शहाणा माणूस आता नाशिक हायवे धरतो, माणकोलीला वळतो आणि खाडीवरच्या पुलावरून मोठागावात उतरतो. आम्ही मात्र मुंब्रा बायपास, शीळफाटा, कल्याण-शीळ रस्ता असे निघालो. तेही भर वैशाखात, टळटळीत दुपारी आणि मुद्दाम.

कारण होतं आमची गाडी. चालताना तिची काही तक्रार नसे. चावी फिरवून बंद केली की मग ती बोलायला लागे. घराजवळच्या गॅरेजवाल्याने सकाळच्या गारव्यात बॉनेट उघडून बघितलं आणि ‘काही नाही साहेब, मस्त आहे’ म्हणून परत पाठवलं. तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला आलेले सौभाग्यवतीचे मामा म्हणाले, “जावईबापू, थंड गाडीची नाडी लागत नाही. आधी तापवा.” मामांना डोंबिवलीला घरी सोडायचंच होतं. आणि ठाणे जिल्ह्यात गाडी तापवायची तर शीळफाट्याला तोड नाही.

मामांच्या शब्दाला वजन आहे. त्यांची उमेदीची वर्षं कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियरच्या कारखान्यात गेली. १९९०च्या दशकात तिथे प्यूजो ३०९ बनायची. स्वतःकडे मात्र त्यांनी प्रीमियर पद्मिनी ठेवली, आणि जगातल्या बाकी सगळ्या गाड्या ते तिच्या मापाने मोजतात. त्या मापाने आमची गाडी आजवर एकदाही पास झालेली नाही.

मुंब्रा बायपासला कंटेनरच्या मागे लागलो. पारसिकचा डोंगर एका बाजूला, ब्रेकचा जळका वास दुसऱ्या बाजूला. मामांनी काच खाली करून कान बाहेर काढला होता. “एसी बंद करा, ऐकू येत नाही.” ऐकू येत होते ते फक्त पुढच्या कंटेनरचे हॉर्न, पण मामा मान डोलवत होते. शीळफाट्याला रस्त्याचं काम, मेट्रोचं काम आणि कामाशिवाय उभी राहिलेली वाहतूक अशा तिहेरी योगाने गाडी तासाभरात मामांच्या मनासारखी तापली.

खिडकाळीला शंकराच्या देवळाजवळ गाडी बाजूला घेतली. जुनं देऊळ, शेजारी तळं, रस्त्याच्या मानाने शांतता. चावी काढली. मामांनी तोंडावर बोट ठेवलं.

आधी ‘घूंऽऽ’ सुरू झालं. “बघा! चावी हातात आणि गाडी चालू. आमची पद्मिनी अस्संच करायची!” मामांच्या आवाजात अभिमान होता. पद्मिनी तसं करायची हे खरं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत सिलिंडरमधला काजळीचा थर निखाऱ्यासारखा लाल राही. ठिणगी बंद झाली तरी ओढलं जाणारं पेट्रोल त्याच्यावर पेटे आणि इंजिन मालक उतरून गेल्यावरही धडधडत राही. मग पुन्हा आत बसून, गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडायचा आणि तिला दामटून गप्प करायचं. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवताच पेट्रोलच बंद होतं, त्यामुळे ते भूत आता उरलं नाही. आमच्याकडे घुमत होता तो रेडिएटरचा पंखा. इंजिन थांबलं की बहुतेक गाड्यांत कूलंट फिरवणारा पंपही थांबतो, लोखंडातली उष्णता आतच कोंडते, म्हणून पंखा दोन-चार मिनिटं फिरतो. फिरू द्यावा. तो दर वेळी पंधरा-वीस मिनिटं थांबेचना, तर मात्र दाखवावं, नाहीतर सकाळी बॅटरी झोपलेली सापडते.

पंखा थांबला आणि खालून ‘टिक... टिक... टिक’ सुरू झालं. एव्हाना एक रिक्षावाला डोकावला होता. महाराष्ट्रात बॉनेट उघडं ठेवून उभ्या राहिलेल्या माणसाला सल्ला मागावा लागत नाही. “सायलेन्सर गेला साहेब,” त्याने निकाल दिला. सायलेन्सर कुठेही गेला नव्हता. तापून फुगलेला पत्रा गार होताना आकसत होता, इतकंच. याची खूण सोपी आहे: दोन टिकटिकींमधलं अंतर वाढत जातं आणि मग ती आपोआप विरते.

तेवढ्यात डॅशबोर्डमागून ‘फुस्सऽ’ आलं. एका मोटारसायकलवाल्याने टायर बघायला सांगितले आणि चारही टायरना एकेक लाथ बसली. तो एसीचा गॅस होता. बंद केल्यावर एका बाजूचा जास्त दाब दुसऱ्या बाजूला सरकतो, त्याचा तो सुस्कारा. खाली पाणी ठिबकत होतं. मामांनी त्यात बोट बुडवून हुंगलं. “रंग नाही, वास नाही. एसीचं.” हे निदान अगदी बिनचूक होतं आणि रिक्षावाला त्यामुळे थोडा नमला.

आणि मग आलं ‘गुडगुडगुड’. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे. “मामा, सकाळपासून नुसत्या चहावर आहात ना?” सौ. म्हणाली. “माझं नाही ते!” मामा ताडकन म्हणाले, “जावईबापूंना विचार.” वाद वाढू नये म्हणून जेवायला चला असं ठरलं.

वाटेत मामांनी कारखान्याची जागा दाखवली. आता तिथे टॉवर आहेत. प्रीमियर कॉलनी, प्रीमियर मैदान ही नावं तेवढी राहिली आहेत. मामा तिथून जाताना घड्याळ बघतात. पाळी संपायची वेळ झाली का, हे बघण्याची सवय अजून गेलेली नाही.

एमआयडीसीच्या निवासी भागात मामींनी आमरस-पुरीचा असा काही बेत केला होता की उठवेना. संध्याकाळी कल्याणला मामांच्या खास मिस्त्रीकडे निघालो. पत्रीपुलाच्या गर्दीने गाडी पुन्हा छान तापवली. गॅरेजच्या दारात चावी काढली आणि पुन्हा गुडगुड! आता सगळ्यांची पोटं भरलेली होती. संशयित एकच उरला.

मिस्त्रीने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला, आणि डोळे मिटले. मग पोराला म्हणाला, “चार चहा सांग.” रेडिएटरच्या झाकणाला त्याने हात लावला नाही. इंजिन गार होईपर्यंत त्याने गप्पा मारल्या. शंभरी ओलांडलेला जुना पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. “मधला काळ सोन्याचा होता साहेब. पुलाशी तापलेली गाडी थेट आपल्याकडे.”

मग त्याने टॉर्चचा उजेड पाडला एका रबरी नळीच्या टोकावर. क्लिपखाली वाळलेला हिरवट-पांढरा डाग होता, मिठासारखा. कूलंट तिथून थेंबाथेंबाने जात होतं आणि गरम इंजिनावर वाळत होतं, म्हणून जमिनीवर कधी दिसलंच नाही. बाटलीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली होती. नळ्यांत हवा शिरलेली. शिवाय कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही ते बंद झाकणाखालच्या दाबामुळे, आणि इथे दाबच निसटत होता. गाडी थांबली की राहिलेलं कूलंट आतल्या आत उकळायचं आणि हवेचे बुडबुडे डॅशबोर्डमागच्या हीटरच्या नळीतून वाट काढायचे. असंच आणखी काही दिवस चालवलं असतं तर हेड गॅस्केट गेलं असतं.

मिस्त्रीने क्लिप बदलली, कूलंट भरलं, हीटर लावून हवा काढली. क्लिपपेक्षा चहाचं बिल जास्त झालं.

तेव्हा वाचकहो, बंद गाडीतून गुडगुड ऐकू आली तर आधी मामांना पोटभर जेवायला घाला. तरीही थांबली नाही तर कूलंटची पातळी बघा, पण इंजिन पूर्ण गार झाल्यावर. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कोणत्याही मामाने सांगितलं तरी उघडू नका.