रिकाम्या चौकटीतली सही

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्या मंडळांत फिरत्या वहीची जुनी चाल आहे. आपल्याकडची जादा तिकिटं वहीत लावायची, प्रत्येकाखाली किंमत लिहायची आणि वही घरोघर जाऊ द्यायची. ज्याला जे हवं त्याने ते काढून घ्यावं आणि रिकाम्या चौकटीत सही करावी. दुपारची वेळ, हातात चिमटा, समोर परक्याची वही आणि बघणारं कुणी नाही! सचोटीची इतकी शांत परीक्षा क्वचितच होत असेल.

सहीची ही अट बहुधा आमच्या एका सभासदासारख्या गृहस्थांमुळेच आली असावी. ते चोरी करत नसत; चोरी हे फार ढोबळ काम. ते तिकीट बदलत. १९४८ चं दहा रुपयांचं गांधी तिकीट वहीतून निघे आणि त्या जागी तेच गांधीजी, पण दातेरी कडेचा एक दात पडलेले, पाठीला नवा डिंक फासलेले असे येऊन बसत. असत्याच्या प्रयोगांनाही गांधीजीच सापडावेत!

त्यांना काढून टाकायचं कुणाच्याही जिवावर येई. १८५२ च्या सिंध डाक तिकिटांबद्दल बोलताना त्यांचा आवाज सुनेच्या माहेरची चौकशी करावी तसा नाजूक होई. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेल्या बार्टल फ्रिअर यांनी ती तिकिटं सुरू केली. त्यातली लाखेसारखी तांबडी तडकून जात, म्हणून फार थोडी उरली, हे सांगताना ते खरोखर हळहळत. मग मंडळाने युक्ती काढली : वहीच्या फेरीत त्यांचं नाव शेवटी घातलं, म्हणजे वही त्यांच्याकडून थेट तपासायला चिटणिसांकडे यावी. त्यांना वाटलं, हा वडीलकीचा मान.

या आमच्या सभ्यतेची किंमत मात्र शाळकरी मुलं मोजत होती. रविवारी ते परदेशी, त्रिकोणी, चकचकीत तिकिटं देऊन मुलांच्या आजोबांच्या पत्रांवरची मळकी आण्यांची तिकिटं घेऊन जात, आणि मुलं खुशीत. मोठ्यांसाठी नियम आणि मुलांसाठी नुसता संकोच, हे मला पटेना. अखेर ठरलं : मुलांची तिकिटं परत करायची, या गृहस्थांनी यावं, बोलावं, पण अदलाबदल बंद.

ते येत राहिले. परवा एका मुलाने बाहेरून आणलेलं तिकीट त्यांनी भिंगाखाली धरलं, उलटं केलं आणि कडाडले, “डिंक नवा आहे! असल्या माणसांना मंडळं ठेवून तरी कशी घेतात?”

चिटणिसांनी घाईघाईने चहा मागवला.