खिडकीपाशी नेऊन बघणारी माणसं

रंगवून झालेली मिनी घरच्यांना दाखवली की एकच शब्द मिळतो, "छान." बायको चष्मा डोक्यावर तसाच ठेवून छान म्हणते. आई म्हणते, "छान आहे रे, पण एवढ्या बारीक कामानं डोळे जातील." दोघींच्या मायेबद्दल शंका नाही, पण त्या 'छान'चा पुढच्या मिनीला काडीचाही उपयोग होत नाही. उपयोग व्हायचा तर समोर असा माणूस हवा, जो ती मिनी उचलून खिडकीपाशी नेईल, उलटी करून तिच्या काखेत रंग पोचलाय का ते बघेल आणि मग नुसतंच म्हणेल, "हं."

मिनी म्हणजे मिनिएचर. प्लास्टिकचा, रेझिनचा किंवा धातूचा, साधारण 28 मिलिमीटर उंचीचा सैनिक, चेटकीण, राक्षस, जे काय असेल ते. टेबलावर लढाया खेळायच्या म्हणून ही पलटण जन्माला आली. एच. जी. वेल्सनं 1913 साली 'लिटल वॉर्स' नावाच्या पुस्तकात खेळण्यातले सैनिक लढवायचे नियम छापले आणि मोठ्या माणसांना जमिनीवर पालथं पडून खेळायला एक प्रतिष्ठित निमित्त मिळालं. पुढे इंग्लंडातच नॉटिंगहॅमच्या, 'वॉरहॅमर' हा खेळ काढणाऱ्यांनी या वेडाला बाजारपेठ मिळवून दिली. त्यांची 'गोल्डन डेमन' ही रंगकामाची स्पर्धा 1987 पासूनची. तिच्यात सर्वोत्कृष्ट ठरणाऱ्याला खरीखुरी, भलीमोठी तलवार देतात. आयुष्यभर तांदळाएवढ्या तलवारी रंगवणाऱ्याला पुरी तलवार द्यायची कल्पना ज्याला सुचली, त्याला विनोदबुद्धी होती असं मी धरून चाललो आहे.

आम्ही पुण्यातले चौघं. एक दंतवैद्य, एक बँकेतून निवृत्त झालेले काका, एक आर्किटेक्चर शिकणारी मुलगी आणि मी. रविवारी डॉक्टरांच्या डायनिंग टेबलावर जमतो. डॉक्टरांपाशी दाढा बघायची भिंगं असल्यामुळे त्यांच्यापासून काहीच लपत नाही. त्यांनी भिंगं चढवून आपली मिनी हातात घेतली की आपणच आ वासून खुर्चीत बसलोय असं वाटतं. "दुखतंय का?" एवढं तेवढं विचारत नाहीत.

मिनी रंगवणाऱ्या मंडळींकडून मिळणारा पहिला सल्ला जगभर एकच असतो, कॉन्ट्रास्ट वाढव. जुने फॅमिली डॉक्टर जसे कशावरही मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगायचे, तसं हे. झगा फिका वाटतोय? कॉन्ट्रास्ट वाढव. चेहरा मेल्यासारखा दिसतोय? कॉन्ट्रास्ट. सुरुवातीला मला हा सल्ला देणाऱ्यांच्या आळशीपणाचा पुरावा वाटायचा. मग काकांनी कारण सांगितलं. पुतळा माणसाएवढा असेल तर नाकाची सावली ओठांवर आपोआप पडते. इथे नाकच मोहरीएवढं, त्याची सावली कितीशी पडणार आणि हातभर अंतरावरून ती दिसणार कुणाला? म्हणून सावलीही आपणच रंगवायची आणि उजेडही. खोबणीत उतरेल असा पातळ गडद वॉश द्यायचा, मग उंचवट्यांवर पायरीपायरीनं उजळ रंग चढवत न्यायचा. आपल्याला भडक वाटायला लागलं की त्यापुढे आणखी एक पायरी. भीती वाटते ती याच पायरीवर, आणि तिथेच मागून कुणीतरी "अजून" म्हणणारं लागतं.

त्या मुलीचे अभिप्राय कामाचे असतात, कारण ती 'काय' सांगून थांबत नाही. "दादा, तुमचा लाल झगा उजेडाकडे गुलाबी होत जातो. पांढरा मिसळता ना? नारिंगी मिसळून बघा." एवढंच. पण लालात पांढरा घातला की गुलाबीच होणार, हे बालवाडीतलं ज्ञान पन्नाशीला आलेल्या माणसाला कुणीतरी पुन्हा सांगावं लागतं. तिनेच मला शून्याशून्यांचे ब्रश विकत घेण्यापासून परावृत्त केलं. बारीक कामाला बारीक ब्रश हा आपला समज. प्रत्यक्षात त्या चार केसांत रंग मावतच नाही आणि डोळ्यापर्यंत पोचायच्या आत टोकावर वाळून जातो. ब्रश एक नंबरचाही चालतो, पोट भरलेलं हवं आणि टोक नीट जुळलेलं हवं. रंगकरी मंडळी ज्या 'सीरिज 7' ब्रशची नावं भक्तिभावानं घेतात, ते विन्सर अँड न्यूटननं 1866 साली व्हिक्टोरिया राणीच्या फर्माईशीवरून बनवले होते, आणि तिचा आवडता आकार सात नंबरचा, म्हणजे चांगला जाडजूड. राणीचं कोण काय बिघडवणार, हा भाग सोडा.

बऱ्याच दिवसांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. डॉक्टर कुठलीही मिनी हातात घेतली तरी डोळ्यांवरच बोलतात. बुबुळं वेगवेगळ्या दिशांना गेली आहेत, पांढरं फार पांढरं झालंय, त्यामुळे हा योद्धा लढायला निघालाय की लाईटचं बिल बघून थबकलाय ते कळत नाही, वगैरे. मुलीला धातू दिसतो. चमकीचा रंग न वापरता नुसत्या करड्या, तपकिरी आणि पांढऱ्या छटांतून पोलादाची चकाकी काढायची एक अवघड रीत आहे, आणि तिचं सध्या तेच चाललंय. काकांचं लक्ष थेट पायांखाली. मिनी ज्या गोल चकतीवर उभी असते तिच्यावर माती, खडे, वाळकं गवत बसवण्यात ते रमलेले असल्यामुळे त्यांचा प्रश्न ठरलेला, "हे सगळं ठीक आहे हो, पण हा माणूस उभा कुठं आहे?" म्हणजे जो तो माझ्या मिनीत आपला चालू अभ्यासक्रम वाचतो. हे कळल्यावर आधी जरा हिरमोड झाला. आपल्याला वाटत होतं की तीन जाणकार आपलं काम पारखतायत, आणि तिकडे तिघांचाही आपापला गृहपाठ चाललेला. मग वाटलं, एकट्या गुरूपेक्षा हे बरं. तिन्ही गृहपाठांची बेरीज केली तर डोळे, शस्त्र आणि जमीन एवढं तरी तपासून होतं. शिवाय ज्याला स्वतःला गेल्याच महिन्यात बुबुळ जमलं त्याला ते कसं जमलं हे अजून आठवत असतं. वर्षानुवर्षं मुरलेल्या उस्तादाला नेमकं तेच सांगता येत नाही.

उस्ताद म्हटल्यावर अकबराचं चित्रखातं आठवलं. तिथल्या चित्रकारांचं काम दरोगे आणि कारकून दर आठवड्याला बादशहापुढे मांडायचे आणि तो कामाच्या प्रतीप्रमाणे बक्षीस द्यायचा, पगार वाढवायचा, असं अबुल फजलनं 'आईन-इ-अकबरी'त लिहून ठेवलंय. आमचीही बैठक साप्ताहिकच, वाढ मात्र फक्त चहाची होते. त्या काळी एकाच चित्राची आखणी एकाची, रंग दुसऱ्याचे आणि चेहरे तिसऱ्याचे अशीही वाटणी असायची. चेहऱ्यापुरती आपली मिनी डॉक्टरांकडे सोपवावी हा मोह मला अनेकदा होतो. काका त्याला सरळ फसवणूक म्हणतात. पण त्यांच्या चकतीवरचं गवत त्यांच्या सूनबाईंनी चिकटवलेलं असतं हे आम्हाला माहीत आहे.

काही ज्ञान मात्र गावातल्या माणसाकडूनच घ्यावं लागतं. रंगाआधी प्रायमरचा फवारा मारायचा, हे नॉटिंगहॅमला ठीक. इथे जुलैत गच्चीवर तोच फवारा मारला तर दमट हवेत मिनीवर रवा सांडल्यासारखे कण बसतात आणि नाकडोळे त्याखाली गुडूप होतात. चार महिने प्रायमर ब्रशनंच लावायचा, हा काकांचा नियम. मे महिन्यात उलटा प्रकार. रंग पॅलेटवरच सुकतो, म्हणून डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर आणि त्यावर रंग.

गेल्या दिवाळीत डॉक्टरांच्या सोसायटीतल्या पोरांनी किल्ला केला, तेव्हा ही विद्या लोकोपयोगी लावायची आम्हाला हुक्की आली. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून न रंगवलेले काही मावळे मिळवले आणि वाटून घेतले. एवढ्या थोराड चित्रांवर काम करायची चैन आम्हाला प्रथमच मिळत होती. डॉक्टरांनी भिंगं चढवली. मुलीनं ढालीला अशी चकाकी दिली की बोट लावून बघावंसं वाटावं. मी अंगरख्याच्या चुण्या पायरीपायरीनं उजळत नेल्या, लाल कुठेही गुलाबी होऊ दिला नाही. काकांनी पायांखाली सह्याद्री उभा केला. चार रविवार एकमेकांचं काम खिडकीपाशी नेऊन बघणं झालं. शेवटी काकासुद्धा म्हणाले, "आता हा उभा आहे."

किल्ल्यावर नेले तेव्हा तिसरीतल्या एका मुलीनं प्रत्येक मावळा हातात घेऊन नीट पाहिला. "काका, डोळे एकदम भारी," ती डॉक्टरांना म्हणाली. "पण एकालापण मिशी का नाही?"

खरंच नव्हती. त्या महिन्यात आमच्यापैकी मिशा कुणीच शिकत नव्हतं.