पटकथेलाही एफआरपी द्या!

पटकथालेखकाने विक्रमी मानधन घेतल्याची बातमी पेपरात आली, की मुंबईत कुणी मान वर करून पाहत नाही. खळबळ होते ती आमच्या कृष्णाकाठी. कराडपासून सांगलीपर्यंतच्या अभ्यासिकांत राज्यघटनेचं पुस्तक मिटलं जातं आणि ‘इंटरव्हल कुठं टाकायचा’ यावर गट पडतात. पारावरचा बाप पोराला विचारतो, “एका पिक्चरला पानं किती लागत्यात रं? आनि पानाला किती सुटत्यात?”

साहित्यिक मंडळी या प्रश्नाला नाक मुरडतील. पण या धंद्यात विचारण्यासारखा खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तरही उपलब्ध आहे. हॉलिवूडच्या जो एस्टरहाझने 1990 मध्ये ‘बेसिक इन्स्टिंक्ट’ची पटकथा 30 लाख डॉलरला विकली. 1994 मध्ये शेन ब्लॅकने ‘द लाँग किस गुडनाइट’चे 40 लाख डॉलर घेतले. एस्टरहाझने मग पूर्ण पटकथा लिहायचाही त्रास सोडला आणि ‘वन नाइट स्टँड’चं चार पानांचं टाचण 25 लाख डॉलरला दिलं. पानाला सव्वासहा लाख डॉलर! आमच्याकडे चार पानांना असा भाव फक्त महामार्गात गेलेल्या जमिनीच्या उताऱ्याला मिळतो.

पुढे काय झालं, तेही ऐका. दिग्दर्शकाने ती गोष्ट पुरती नव्याने लिहून काढली आणि 1997 मध्ये चित्रपट आला तेव्हा त्यावर एस्टरहाझचं नावच नव्हतं. पैसा पुरा, नाव गायब. आमच्या मराठी लेखकाचं नशीब थोर. त्याचं नाव असतं, तेही केशभूषा आणि वाहनव्यवस्था यांच्या मधोमध. गायब असतो तो पैसा.

हिंदीत हा हिशेब सलीम-जावेद या जोडीने चुकता केला. 1973 मध्ये ‘जंजीर’च्या पोस्टरवर लेखकांची नावं नव्हती. तेव्हा दोघांनी एक रंगारी गाठला, त्याला जीप आणि शिडी दिली आणि मुंबईभरच्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली. रंगाऱ्याने ती कुठं नायकाच्या हातावर लिहिली, कुठं नाकावर. हा किस्सा जावेद अख्तर स्वतःच सांगतात. पुढे 1980 च्या ‘दोस्ताना’साठी जोडीने साडेबारा लाख घेतले आणि तो आकडा अमिताभच्या मानधनाहून जास्त होता, असं सांगितलं जातं. म्हणजे हीरोच्या नाकावर एकदा नाव लिहून घेतल्याशिवाय त्याच्या नाकावर टिच्चून पैसे घेता येत नाहीत.

आता कुणी म्हणेल, हे मोठ्या शहरांतलं झालं. सातारा-सांगलीचा इथं काय संबंध? वा! अहो, कच्चा माल कुठून जातो मग?

1939 सालची गोष्ट. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या सूचनेवरून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी, आणि तुरुंगाला भिंत नाही. शेती करा, बायकापोरांसह राहा, माणसात या. त्याच आटपाडी भागातले गजानन दिगंबर माडगूळकर यांनी या प्रयोगावरून सहा कैद्यांची गोष्ट लिहिली. व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये तिचा ‘दो आँखें बारह हाथ’ केला आणि पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. म्हणजे रान औंधच्या राजाचं, ऊस माणदेशी लेखकाचा, गाळप परळच्या राजकमल स्टुडिओत आणि साखर बर्लिनला. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि आटपाडी सांगलीत. त्यामुळे श्रेय कोणत्या पालकमंत्र्यांनी घ्यायचं एवढंच ठरायचं राहिलंय.

याच गदिमांनी 1952 मध्ये राजा परांजपे यांच्यासाठी ‘लाखाची गोष्ट’ लिहिली. ठरल्या मुदतीत लाख रुपये उधळून दाखवायचे, अशी त्यातल्या नायकाला अट असते. पैसे संपवणं अवघड जातंय, ही अद्भुतरम्य कल्पना मराठी पटकथालेखकाशिवाय दुसऱ्या कुणाला सुचणार?

गोष्ट आमची नसेल, तर जमीन तरी आमची असते. ‘गंगाजल’मधला बिहार, ‘स्वदेस’मधलं चरणपूर, ‘दबंग’मधला उत्तर प्रदेश, सगळं वाई-मेणवली परिसरात उगवलं. शूटिंगचं युनिट आलं की इथं कुणी फुकट हलत नाही. वाड्याच्या चौकाला भाडं, बैलगाडीला भाडं, गर्दीत उभं राहायला हजेरी. पाठीमागे नुसती रवंथ करणारी म्हैससुद्धा दिवसावर ठरते आणि तिचे पैसे संध्याकाळी रोख मिळतात. “कथेत म्हैस बांधलेली आहे” असं ज्याने लिहिलं, त्याचा चेक मात्र पिक्चर लागल्यावर निघायचा असतो. पिक्चर लागला की कळतं, पडला. पडला नाही, चालला, तर कळतं की खर्चच निघाला नाही. सरकारी अनुदानाचे अ दर्जाला 40 आणि ब दर्जाला 30 लाख ठरले, तेही निर्मात्याच्या नावावर. लेखकाच्या वाट्याला दर्जा येतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कोट्यवधींचे विक्रम तिकडेच राहू द्या. आम्हाला एफआरपी द्या, म्हणजे उसाला असतो तसा रास्त आणि किफायतशीर दर.

उसाला कायदा आहे. 2025-26 च्या हंगामात सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये केंद्राने ठरवून दिले. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे जमा झाले पाहिजेत; नाही झाले तर 15 टक्के व्याज. आता कायदा कागदावर कसा असतो आणि गव्हाणीपाशी कसा असतो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण निदान चेअरमनच्या गाडीपुढं आडवं पडताना हातात नियमाचा क्रमांक तरी असतो. लेखकाच्या हातात काय असतं? “छान आहे, बघू.”

बाकी सगळं तेच आहे. काटामारी आहे: सहा ड्राफ्ट लिहून घ्यायचे आणि एक मोजायचा. तोडणी-वाहतुकीची कपात आहे: दिग्दर्शकाने दोन प्रसंग तोडले, हीरोच्या मेहुण्याने तीन विनोद वाहून आणले, ते तुमच्या बिलातून वजा. आणि दुसरा हप्ताही आहे, जो दर वर्षी दिवाळीला मिळणार असतो.

हा दुसरा हप्ता समजून घ्यायचा, तर आमच्या दुसऱ्या माडगूळकरांकडे चला. व्यंकटेश माडगूळकरांनी लिहिलेला ‘सांगत्ये ऐका’ 1959 मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला. अडीच वर्षं! तेव्हा लेखकाला पुढच्या कमाईतला वाटा देणारी तरतूद कायद्यात नव्हती. ती आली 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने: चित्रपट पुढे टीव्हीवर, अन्य माध्यमांत वापरला गेला, तर स्वामित्वधनातला लेखकाचा वाटा त्याच्याकडून लिहून घेता येणार नाही. टाळ्या! पण कलम नीट वाचा. चित्रपटगृहातले खेळ त्यातून वगळले आहेत. म्हणजे आज एखाद्याचा पिक्चर पुन्हा 131 आठवडे चालला, तरी या कलमाखाली त्या खिडकीवरचा रुपया त्याला मागता येणार नाही. प्रेक्षक घरी जाऊन टीव्ही लावतील, तिथून लेखकाचा हिशेब सुरू.

एका लेखकाबद्दल थट्टा करायला जीभ रेटत नाही. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. त्यांच्या ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. वारणेचं खोरं पडद्यावर गेलं, आणि ते लिहिणारा माणूस 18 जुलै 1969 रोजी मुंबईत हलाखीत गेला. आता त्यांच्या जयंतीला मिरवणुका निघतात, डीजेला आगाऊ पैसे मोजून. डीजेवाला उधारीवर येत नाही.

तेव्हा मागण्या लिहून घ्या. पहिली उचल विनाकपात, बाउंड स्क्रिप्ट दिल्यापासून 14 दिवसांत. थकली तर व्याज. प्रत्येक ड्राफ्ट काट्यावर मोजायचा. पोस्टरवर नाव निदान हीरोच्या नाकाएवढं.

आणि मान्य झालं नाही तर? हॉलिवूडच्या लेखकांनी 2023 मध्ये 148 दिवस संप केला. स्टुडिओ थंडावले आणि मालक वाटाघाटीला बसले. आमच्याकडेही संपाचा ठराव मांडून पाहिला. पण एका जाणत्याने शंका काढली: लेखक नाहीत, हे निर्मात्यांच्या लक्षात कसं येणार? लेखकाशिवाय सिनेमे निघतात, हे आपण दर शुक्रवारी तिकीट काढून बघतोच की.