कोपऱ्यावरच्या गाडीचा पंखा

"मास्तर, आयकलं का? कोपऱ्यावरच्या पोट्ट्यानं गाडीचा पंखा काढून फेकला म्हने!"

पांढरकवड्यात बातमी आधी भिंतीवरून येते, पेपरात दुसऱ्या दिवशी. आमची कंपाउंडची भिंत छातीइतकी. पलीकडे भाऊ, उभा जन्म नागपूर-हैदराबाद रोडवर ट्रक चालवण्यात गेलेला. त्यांच्या मागं ओट्यावर वैनी तूर पाखडत होत्या, कान मात्र आमच्याकडेच.

"फेकला नाही भाऊ, बदलला," मी म्हणालो. "पट्ट्याचा काढून इलेक्ट्रिक लावला. बारा व्होल्टचा."

"थेच तं म्हनतो ना मी. ज्या पंख्यावर माही अर्धी जिंदगी गेली, त्याले काय धाड भरली होती?"

"माह्या घरच्या पंख्याले बटन आहे," वैनी मध्येच बोलल्या. "गाडीच्या पंख्याले नसते काय?"

"बटन नसते वो. पट्टा असते. इंजिन फिरलं का थो बी फिरला."

वैनींनी सूप थांबवलं. "म्हंजे थंडीतबी चालूच?"

भाऊ गप्प. आता खरं सांगायचं तर सगळा मुद्दा वैनींच्या त्या प्रश्नातच होता. पोराची गाडी म्हणजे जुनी टाटा 407. हे मॉडेल 1986 पासून रस्त्यावर आहे आणि कापसाच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात दर दुसऱ्या वळणावर दिसतं. तिचा पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसवलेला. जानेवारीत पहाटे गारठ्यात गाडी सुरू केली तरी तो रेडिएटरला वारा घालणारच. हायवेवर सत्तरच्या स्पीडनं निघालात तर समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो, तरी हा आपला फिरतोच, वर इंजिनची ताकद खातो. मी पडलो विज्ञानाचा मास्तर, मला राहवत नाही. पंख्याची गती दुप्पट झाली की त्याला लागणारी ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणजे जिथं त्याचं काही काम नाही तिथंच तो सगळ्यात जास्त खातो.

"आन् जिथं काम आहे तिथं?" भाऊंनी विचारलं.

तीच तर खरी गोम. जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागलेली, कापूस भरलेला, दहा पावलं सरकायचं की थांबायचं. इंजिन हळू, म्हणून पट्ट्याचा पंखाही हळू. समोरून वारा नाही. काटा चढत जातो. पोराची गाडी तशीच रांगेत तापली, झाकणातून वाफ आली, मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमले. इलेक्ट्रिक पंख्याला इंजिनच्या गतीशी देणंघेणं नसतं. पाणी साधारण 92 अंशांना गेलं की सेन्सर त्याला चालू करतो, पाच-सात अंश उतरलं की बंद. गाडी उभी असली तरी तो पूर्ण जोरानं ओढतो.

"मंग सगळ्याच गाड्याईले काहून नाई लावत?" वैनी.

कारला लावतात ना. 1983 च्या मारुती 800 मध्येही तोच होता. तिथं इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळं पट्ट्याचा पंखा रेडिएटरसमोर येतच नाही. पण सोळा-वीस टन ओढणाऱ्या ट्रकला वारा लागतो तो काही किलोवॅटचा. चोवीस व्होल्टच्या बॅटरीवर तो उभा करायचा तर तारा मनगटाएवढ्या लागतील. म्हणून मोठ्या गाड्यांत पंखा इंजिनवरच ठेवतात आणि मध्ये सिलिकॉनच्या तेलाचा क्लच घालतात. हवा तापली की तो पकडतो, गार झाली की सोडतो.

"थो माह्या शेवटच्या गाडीत होता," भाऊंची छाती फुगली. "पकडला का असा गरजे, विमान सुटल्यावानी! आन् 2020 नंतरच्या गाड्याईत तं त्याले कम्प्युटर हाकते. त्याले हात लावला का लाइट पेटते, गाडी रुसते. याची जुनी आहे, चालते."

पण नवा पंखा बसवतानाचे त्रासही पोरानं भोगले. पहिल्या संध्याकाळी मिस्त्रीनं मोटरच्या तारा उलट्या जोडल्या. पंखा जोरात फिरे, पण वारा पुढं फेके, आणि गाडी चालली की समोरचा वारा आणि पंखा यांचीच कुस्ती. शेवटी कोणीतरी जाळीवर पेपरचा तुकडा धरून पाहिला. तो जाळीला चिकटायला हवा होता, उडून गटारात गेला. तारा बदलल्या.

"आन् राती?" वैनींना हा भाग मी सांगायच्या आधीच ठाऊक होता. "गाडी नुकतीच बंद, घर झोपलेलं, आन् बाराच्या सुमारास घर्रर्र! त्याची माय उठून बसली. मले वाटलं चोर आला."

त्यात भुताटकी काही नाही. इंजिन बंद केलं की पंपही थांबतो, पण लोखंडातली आच पाण्यात उतरतच राहते. कुकर खाली उतरवला तरी आत थोडा वेळ खदखदतो, तसं. सेन्सर चेतला, पंखा सुरू. त्यात जोडणी थेट बॅटरीवर आणि सेन्सरही हलका निघाला, बंद व्हायचं नावच घेईना. सकाळी बॅटरी बसली आणि अख्ख्या आळीनं गाडी ढकलली. आता रिले घातलाय, बॅटरीजवळ जाड फ्यूज घातलाय, आणि चावी काढली की पंखा थांबतो.

"थे मानसं मारनारी वाघीन होती तवा असं झालं असतं तं!" भाऊंना 2018 आठवलं. "राळेगावकडून रातच्याले येताना गाडी तापली का बोनट खोलाले कोनी उतरत नव्हतं. आत बसून काटा पाहाचा आन् देवाचं नाव घ्याचं. बोराटीच्या जंगलात तिले मारली तवा कुठं लोक उतराले लागले."

विषय वाघिणीवरच अडकणार होता. मी ओढून परत आणला. पोरगं सांगतं, लिटरमागं एक किलोमीटर वाढला. माझा विश्वास नाही. बारा व्होल्टवर 25 अँपिअर म्हणजे 300 वॅट. अल्टरनेटरची गळती धरली तर इंजिनवर पाऊण घोड्याच्या आसपास बोजा, आणि तोही पंखा चालू असेल तेवढाच. वाचतं खरं. पण एका फेरीच्या, त्याही रिकाम्या गाडीच्या हिशोबावर ॲव्हरेज सांगू नये.

"अन् हे त्यानं तुमाले सांगतलं का नाई मास्तर?" भाऊ भिंतीवर ओणवे झाले, आवाज उतरला. "पंखा लावाच्या आधी मिस्त्रीनं रेडेटर खोललं. समोरून रुईचा असा थर निंगाला, गादी भराच्या लायकीचा! दोन हंगाम जिनिंगमंधी उभी गाडी, कधी धुतली नाई. मिस्त्रीनं इंजिनकडून पान्याचा फवारा मारला, जाळी मोकळी केली. आन् आता पोट्टा म्हनते, पंख्यानं गाडी थंड झाली."

हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. भाऊंचं निम्मं खरं मानायला हरकत नाही. रुईनं गच्च झालेल्या जाळीतून कुठलाच पंखा वारा ओढू शकत नाही, मग पट्टा असो की मोटर. पण रांगेत उभ्या गाडीला मोटरवाला कामाचा आहे, हे मीही सोडायला तयार नव्हतो.

"मे येऊ द्या," भाऊ म्हणाले. "45 डिग्री, मुकुटबनचं शिमिट भरलं, आन् यवतमाळचा चढ. दुसऱ्या गेरमंधी इंजिन बोंबलते तवा पट्ट्याचा पंखा बी बोंबलते, भरपूर वारा देते. याची मोटर तेवढीच फिरन जेवढी जिनिंगसमोर फिरते. आन् फ्यूज गेला तं आवाज बी नाई. पट्टा तुटला तं निदान लाल लाइट पेटते."

"तेवढ्यासाठी काट्याकडे बघायची सवय लावावी," मी म्हणालो. "नाहीतर भोंगा बसवावा."

"जुना पंखा त्याची माय आजच इकून रायली," वैनी सूप झटकत म्हणाल्या. "भंगारवाला दारात उभा आहे."

"काय?" भाऊ सरळ झाले. "आख्खाच पंखा? हे आधी सांगाचं असते ना!"

"तुमी पंख्यावर बोलून रायले होते. मी मंधात कायले बोलू?"

भाऊ चप्पल शोधायला लागले. "मास्तर, तुमीबी चाला. थे तुमचं आठपटवालं सांगजा त्याले. माहं थो आयकत नाई."