पैसे भरून पडून राहणे

लेहच्या सहलीची कार्यक्रमपत्रिका हाती आली, तेव्हा पहिल्या दिवसापुढे एकच शब्द होता : विश्रांती. दुसऱ्या दिवसापुढे 'स्थानिक दर्शन (हळूहळू)'. आमच्या ग्रुपमध्ये खळबळ उडाली. पैसे भरून झोपायचं? झोप तर घरी फुकट मिळते! सहल म्हणजे सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला गाडी, यावर वाढलेली ही माणसं. मला मात्र पहिल्यांदाच कुणीतरी माझी प्रकृती ओळखून सहल आखल्यासारखं वाटलं.

उंचीचा त्रास टाळण्याच्या तयारीला ऊत आला. कुणीतरी सांगितलं, कापूर हुंगला की ऑक्सिजन वाढतो. वाढत बिढत काही नाही, नाक तेवढं मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण प्रत्येकाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी आली आणि विमानात आरतीची वेळ झाल्यासारखा वास सुटला. कोविडच्या काळात घेतलेले ऑक्सिमीटर कपाटातून बाहेर निघाले. डॉक्टरांना विचारून काहींनी आदल्या दिवसापासून डायमॉक्स सुरू केली. (सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.) ही गोळी मूत्रपिंडांना बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते, त्यानं रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि मेंदू श्वास वाढवतो. शास्त्र सुंदर आहे. व्यवहारात बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो आणि माणूस हॉटेलात शिरल्या शिरल्या खिडकीतून दिसणाऱ्या हिमशिखरांऐवजी बाथरूम कुठे आहे ते बघतो.

लेह साडेतीन हजार मीटरवर. कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी लेह आणखी दोनेकशे मीटर वरच राहतं. तिथं हवेतला ऑक्सिजन कमी होतो असं आपण म्हणतो, पण त्याचं प्रमाण इथल्यासारखंच, 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब, मुंबईच्या साधारण दोन-तृतीयांश. म्हणजे श्वास पूर्ण घ्यायचा आणि माल दोन-तृतीयांश मिळणार. बॅगेतली चिवड्याची पाकिटं मात्र फुगून टम्म झाली होती. सगळ्या ग्रुपमध्ये तेवढीच खुशीत दिसत होती.

दुपारी ऑक्सिमीटरचा निकाल लागला. घरी 98 मिळवणारी मंडळी 88 वर आली होती. नव्यानं आलेल्याला तिथं एवढे पडणं नेहमीचंच, पण 'तुम्हाला किती?' 'आमच्या हिला 91!' असं दहावीच्या पेढ्यांच्या थाटात सुरू झालं. मी आकडा न बघता पांघरूण ओढलं.

सिंहगडवाले काका मात्र बूट घालून तयार. दर रविवारी पहाटे सिंहगड, वय सदुसष्ट, पोटऱ्या दगडासारख्या. टूर मॅनेजर हात जोडून म्हणाला, "काका, आज कुठं जाऊ नका." काका म्हणाले, "अरे, ही विश्रांती म्हाताऱ्यांसाठी," आणि शांती स्तूपाच्या पाचशेच्या वर पायऱ्या चढून आले.

उंचीच्या या आजाराची गंमत अशी की तो फिटनेस विचारत नाही. उलट धडधाकट माणूस भरभर चढतो आणि आधी आडवा होतो. संध्याकाळी काकांचं डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली, थुक्पा समोर तसाच राहिला. डॉक्टर आले. त्यांनी काकांना टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला लावलं. तोल गेला असता किंवा बसल्या जागी धाप लागली असती, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत असल्याची शंका. मग रात्रीची वेळ न बघता खाली उतरवणं हाच मुख्य उपाय. काका सरळ चालले, वर "परत जाऊन दाखवू का?" असंही विचारलं. डॉक्टर म्हणाले, दारू नाही, झोपेची गोळी नाही आणि डोकं थांबेपर्यंत यांना आणखी उंचावर न्यायचं नाही. शिवाय पूर्ण विश्रांती.

म्हणजे खार्दुंग ला खिंडीत जाणं लांबलं. तिथल्या फलकावर वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं. मोजल्यावर खिंड 17,582 च्या आसपास भरते. आठशे फूट असेच हवेत. डोकं दोन्ही आकड्यांना सारखंच दुखतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुप लेहच्या बाजारात हळूहळू फिरायला निघाला. काकांजवळ कोण थांबणार? बायको चटकन म्हणाली, "अहो, तुम्ही थांबा. पडून राहण्यातला तुमचा अनुभव मोठा आहे." इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्या एखाद्या गुणाचं असं चारचौघांत नाव काढलं नव्हतं.

काका छताकडे बघत पडले होते. "आता काय करायचं?"

"काही नाही."

"किती वेळ?"

"जेवणापर्यंत."

काकांनी डोळे मिटले. दोन मिनिटं गेली असतील.

"हे जमलं," ते म्हणाले. "पुढची पायरी कोणती?"